हुकमाच्या चार वह्या

"सरांनी सांगितलंय" असं त्यांच्यासमोर म्हणायची चूक मी पहिल्याच दिवशी केली.

सौंदडला एक भरती अकादमी होती. सैन्यात, पोलिसात जाऊ पाहणारी आजूबाजूच्या खेड्यांतली मुलंमुली तिथं सकाळी धावायची आणि दुपारी लेखी परीक्षेचा अभ्यास करायची. गणित आणि कॉम्प्युटर शिकवायला मला घेतलं होतं. राहायची सोय काय, असं विचारल्यावर संचालक म्हणाले, आमच्याकडे मैदानी सराव घेणाऱ्या सुभेदारसाहेबांच्या घरी वरची खोली रिकामी आहे, जाऊन बघा. मी बॅग ओढत गेले. साहेब अंगणात बाजेवर बसून एका जुन्या रेडिओचं पोट उघडून आत बघत होते.

"नमस्कार. सरांनी सांगितलंय की इथं खोली मिळेल."

मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोन्या सरांनी?"

"अकादमीच्या."

"कवा सांगतलं?"

"आत्ताच. अर्धा तास झाला."

"आनखी कोनं आयकलं?"

त्यांनी पेचकस खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मंग हे तुमी म्हनून रायल्या, मॅडम. सर म्हनून रायले, असं कसं समजाचं?"

आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे बाईंचा, आवाज आला, "पोट्टीले काय कोर्टात उभी केली जी? ये वो आत. पानी घे आधी."

खोली मिळाली. पण कोणी, कधी आणि आणखी कोणी ऐकलं, हे तीन प्रश्न पुढची तीन वर्षं माझा पिच्छा पुरवत राहिले. आज गोंदियाच्या कॉलेजात शिपाई येऊन म्हणतो, "मॅडम, बडे साहब ने बुलाया," तेव्हा माझ्या तोंडून आधी "कब?" निघतं आणि मग मी खुर्ची सोडते.

ते नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. 'नायब' गावानं परस्पर खोडून टाकलं. सगळी नोकरी सिग्नलमध्ये गेली, म्हणजे तारा ओढणं, वायरलेसवर बसणं, इकडचा निरोप तिकडे पोचवणं. वर्षानुवर्षं एकाच कानावर हेडफोन दाबून त्यांची मान कायमची डावीकडे कलली होती. त्यामुळे ते समोरच्याकडे नेहमी संशयानं बघताहेत असं वाटायचं. खरं सांगायचं तर बघतच असायचे.

बोलून झालं की ते "ओव्हर" म्हणायचे. घरात, देवळात, बसमध्ये. एकदा गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या मयतीला गेले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार वाईट झालं जी. ओव्हर." आणि उत्तराची वाट बघत तसेच उभे राहिले. शेवटी तो रडणारा मुलगाच म्हणाला, "हो जी. ओव्हर." तेव्हा कुठे हलले.

दुसरी सवय 'परत सांगा'ची. आठवडी बाजारात वांगी घ्यायची तरी भाजीवालीला फर्मान सुटायचं, "अर्धा किलो वांगे, कवळे, बिना किडीचे. परत सांगा." ती बिचारी बरेच दिवस सांगायची. एका हप्त्याला मात्र तिनं तोलता तोलता म्हटलं, "अर्धा किलो वांगे, कवळे, बिना किडीचे, आनि पुढच्या हप्त्यापासून दुसरीकडून घ्या." साहेबांनी मान डोलावली. "बरोबर. निरोप पोचला." पुढच्या हप्त्यापासून खरंच दुसरीकडून घेऊ लागले. त्यात राग नव्हता. हुकूम स्पष्ट होता, म्हणून पाळला.

हे खूळ कुठून आलं, याची एक गोष्ट ते अधूनमधून सांगायचे. ती अशी. नोकरीची सुरुवातीची वर्षं. रेतीच्या मुलखात युद्धसराव चालला होता. साहेब वायरलेसवर, आणि त्यांच्याबरोबर एकाच दिवशी भरती झालेला आपल्याच जिल्ह्यातला एक दोस्त ट्रकवर. एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा आवाज आला की तीन ट्रक कोरड्या नदीतून पुढे काढा. निरोप दोस्ताला गेला, त्यानं ट्रक काढले. तिन्ही ट्रक चाकांच्या आसापर्यंत रेतीत गेले, एक कलंडला. चौकशी बसली तेव्हा अधिकारी म्हणाले, मी तर थांबा म्हटलं होतं. वायरलेसची वही मागवली, तर नेमकं तेच पान नाही. दोस्तानं उलटं ऐकलं असं ठरलं. त्याची फीत गेली, लान्स नायकाचा पुन्हा शिपाई झाला.

"पण पान गेलं कुठं?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं.

"गेलं. कागदच तो."

"आणि तुमचे मित्र?"

"असल कुठीतरी," असं म्हणून ते रेडिओच्या पोटात पुन्हा डोकं घालायचे. या प्रश्नाशी गोष्ट दरवेळी संपायची.

आता वह्यांकडे येते. स्पर्धा परीक्षांत हल्ली सामान्य ज्ञानाला काहीही विचारतात, म्हणून एका दुपारी मी मुलांना 'ब्लॉकचेन म्हणजे काय' ते सांगत होते. साहेब उन्हामुळे वर्गात मागे येऊन टेकले होते. मी सांगितलं की नोंदवही एकाच ठिकाणी ठेवायची नाही, बऱ्याच ठिकाणी तीच वही ठेवायची. नवी नोंद सगळीकडे एकदम चढते. प्रत्येक नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीची खूण गुंफलेली असते, म्हणून मधली एखादी ओळ कुणी गुपचूप बदलली तर पुढच्या सगळ्या खुणा चुकतात आणि चोरी पकडली जाते. शिवाय एका वहीनं वेगळं सांगितलं तर बाकीच्या बहुतेक वह्या जे म्हणतात ते खरं धरायचं.

मागं खुर्ची पडल्याचा आवाज झाला. साहेब उभे होते.

"म्हनजे एका वहीतलं पान फाडलं तरी बाकीच्यांत राहते?"

"हो."

"आनि ज्यानं हुकूम दिला, त्याले 'म्या नाही म्हटलं' असं म्हनता येत नाही?"

"नाही येत."

ते निघून गेले. ओव्हरसुद्धा म्हणाले नाहीत. संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या खोलीच्या दारात हजर. हातात मोबाईल. काही देशांच्या सैन्यात हुकूम असे नोंदवावेत का, शत्रूनं मुख्यालय ताब्यात घेतलं किंवा आवाजाची नक्कल केली तर खरा हुकूम कसा ओळखावा, यावर विचार चालू असल्याचं त्यांना कुठंतरी सापडलं होतं. इंग्रजी होतं. मी वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हे पन्नास वर्सं आधी यायले पाह्यजे होतं."

त्यांनी दिल्लीला पाठवायला एक प्रस्ताव तयार केला. विषय होता 'हुकूम नाकारता येऊ नये याबाबत'. मी इंग्रजी केलं, बाईंनी पाकीट चिकटवलं, रजिस्टर पोस्टानं गेलं. उत्तर आलं नाही. महिन्यांमागून महिने गेले तरी साहेब खूश. "उत्तर नाही म्हनजे विचार चालू हाये. नाकारलं असतं तर लगेच लिवलं असतं."

तोवर थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कॉम्प्युटर नको, नेटवर्क जाते, असं म्हणून त्यांनी शाळेच्या वह्यांवर तेच गणित बसवलं. हुकमाची अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. त्यात आधीच्या हुकमाचा आकडा मिळवायचा. तो नव्या हुकमाचा आकडा. समजा आधीचा आकडा सत्तेचाळीस आहे आणि 'पळस' नावाच्या तुकडीला हुकूम आहे 'पळस पुढे सरकावे'. अक्षरं नऊ. नवा आकडा छप्पन्न. हीच ओळ चार ठिकाणच्या चार वह्यांत उतरायची, आणि तीन वह्यांत उतरल्याशिवाय हुकूम पाळायचा नाही. वाद झाला तर तीन वह्या म्हणतील ते खरं.

पहिली चाचणी घरी झाली. एक वही स्वयंपाकघरात, एक बैठकीत, एक गोठ्यात आणि एक वर माझ्याकडे. वहीत बाईंचं नाव 'मुख्यालय' असं होतं. यामागे त्यांचा छुपा हेतू असा की नवराबायकोत जे नेहमीचे वाद होतात, तू म्हणालीस, मी नाही म्हणाले, ते कायमचे निकालात निघावेत आणि आपण निर्दोष ठरावं. पहिला वाद रविवारीच झाला. पाहुण्यांना जेवायला कुणी बोलावलं? चारही वह्या काढल्या. साहेबांनीच बोलावलं होतं. दुसरा वाद, गोठ्याचं दार उघडं ठेवायला कुणी सांगितलं? साहेबांनी. तिसऱ्यात तर त्यांनी मला बोलावून अक्षरं पुन्हा मोजायला लावली. आकडा बरोबर निघाला.

त्या दिवसापासून बाई या यंत्रणेच्या कट्टर समर्थक झाल्या. साहेब चहाला साखर मागायचे. त्यांना मधुमेह. बाई आतूनच म्हणायच्या, "तीन वह्यांत उतरवून आना जी, मंग टाकतो." गोठा, बैठक आणि माझी खोली फिरून येईपर्यंत चहा निवून जायचा.

अकादमीत मात्र मुलांना हा खेळ भलताच आवडला. साहेबांनी मैदानी सरावासाठी त्यांच्या चार चौक्या केल्या. नावं इथल्या झाडांची, मोह, साजा, तेंदू आणि पळस. प्रत्येक चौकीला एक प्रमुख, एक वॉकीटॉकी, एक वही. स्वतः साहेब टेकडीवर. शत्रुपक्षाचे सेनापती संचालक. पहिल्या सरावात 'हल्ला करा' हा हुकूम चारही वह्यांत चढून, मोजून, परत वाचून होईपर्यंत इतका वेळ गेला की शत्रुपक्षानं डबे उघडले होते. आमच्या फौजेनं हल्ला केला तेव्हा शत्रू हात धुवत होता.

पण त्याच दिवशी दुपारी गंमत झाली. संचालकांनी वॉकीटॉकीवर साहेबांचा आवाज काढला. हुबेहूब. "सगळे परत या. ओव्हर." तेंदू चौकीच्या मुलानं विचारलं, "आकडा सांगा जी." संचालकांनी ठोकून दिलं, "चाळीस." चारही चौक्यांवर मुलांनी मोजलं. जमेना. एकही पोरगं जागचं हललं नाही. उलट पळस चौकीच्या मुलीनं शांतपणे उत्तर दिलं, "हुकूम नामंजूर. आनि सर, साहेब ओव्हरच्या आधी खोकलतेत."

साहेब टेकडीवरून उतरून आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मान सरळ झाली होती की काय असं वाटलं. "पाह्यलं मॅडम? मुख्यालय खोटं निघालं तरी फौज नाही हलली!"

ही पळस चौकीची मुलगी म्हणजे अकादमीतली सगळ्यात वेगानं धावणारी मुलगी. जवळच्याच खेड्यातली. घरची धानाची शेती. बोलायला फटकळ, अक्षर मोत्यासारखं. भरतीची मैदानी चाचणी महिन्यावर आली होती आणि ती निघणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

दुसरा सराव पावसाळा सरता सरता झाला. टेकडीखालच्या नाल्यापलीकडे शत्रूचा झेंडा. मी त्या दिवशी टेकडीवर साहेबांच्या शेजारी होते. पळस चौकीकडून निरोप आला, "पाणी गुडघ्याच्या वर, थांबू का?" अक्षरं अकरा, आधीचा आकडा एकतीस, झाले बेचाळीस. मी बोटांवर मोजलं. साहेबांनी दुर्बीण लावली. मध्ये झाडं होती, नाला दिसत नव्हता. पण झेंडा दिसत होता, आणि आज हल्ला वेळेवर करायचाच असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. गेल्या वेळचे डबे त्यांना टोचत होते.

"थांबू नका, पार करा."

आठ अक्षरं. आकडा पन्नास. चारही वह्यांत चढला.

ती पाण्यात उतरली. मधल्या दगडावरून पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. मागच्या मुलांनी तिला उचलून आणलं. देवरीच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, धावणं दोन-तीन महिने तरी विसरा. तिनं एवढंच विचारलं, "म्हनजे यंदाची भरती गेली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालकांनी साहेबांना आणि मला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. मुलीचे आईवडील आणि गावातली चार माणसं दुपारी येणार होती. अकादमी बंद पडली तर बाकीच्या मुलांचं काय, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"मुलगी स्वतःच्या मनानं उतरली असं म्हणायचं," तो म्हणाला. "शिस्तभंग. झालं."

"वहीत हुकूम हाये माहा," साहेब म्हणाले.

"मग 'थांबा, पार करू नका' असा करा तो."

"आकडे चुकतेत मंग."

"एवढं कोण मोजतंय, साहेब?"

"पोट्टे मोजतेत."

मग संचालकानं जे सांगितलं ते अगदी बिनचूक होतं. बाकीच्या तीन चौक्यांची मुलं आपली आहेत, तो म्हणाला. त्यांना बसवून पानं नव्यानं लिहून घेऊ, आकड्यांसकट. तीन वह्या एक सांगतील, तिची एक वेगळं सांगेल. "आणि तीन वह्या म्हणतील ते खरं, हा नियम तुमचाच ना? सगळ्या पोरांना पाठ आहे तो."

साहेब उठले आणि घरी आले. जेवले नाहीत. बाईंनी मला खुणेनं विचारलं, मी खुणेनं माहीत नाही म्हटलं. थोड्या वेळानं ते जिना चढून माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, तीन जन मिळून खोटं लिवाले तयार झाले, तर तुमच्या कॉम्प्युटरात काय उपाय हाये?"

"खूप वह्या ठेवायच्या. म्हणजे तेवढ्यांना फितवणं अवघड जातं."

"चारच असन तर?"

"मग उपाय नाही."

"मंग चवथ्याचं काय होते?"

"चौथा खोटा ठरतो," मी म्हटलं.

ते पायरीवर बसले. मान डावीकडे, नजर अंगणातल्या बाजेवर.

"माहा दोस्त चवथा होता," ते म्हणाले. "पान हरपलं नव्हतं, मॅडम. म्या फाडलं. त्या साहेबानं फाड असं म्हटलं नाही. फकस्त म्हटलं, तुझ्या प्रमोशनची लिस्ट माह्याकडं हाये. म्या रात्रभर इचार केला असंबी नाही. तिथंच फाडलं आनि खिशात ठेवलं. चौकशीत दोस्त माह्याकडं पाहून रायला होता. म्हने, तू सांग ना गड्या, काय म्हटलं होतं. म्या म्हटलं, मले आठवत नाही."

इतके दिवस मी ती गोष्ट एका अन्याय झालेल्या माणसाची म्हणून ऐकत आले होते. तशी ती होतीच. फक्त माणूस दुसरा होता.

"वह्या कायले काढल्या म्या?" ते म्हणाले. "मले वाटे, अशी व्यवस्था करू का मानसाले इमानदार राहाची गरजच पडू नये. नाही जमलं." मग उठले, खाली गेले आणि मला त्यांचा आवाज आला, "आयक वो, तो पांढरा शर्ट दे."

दुपारी अकादमीच्या मैदानात सगळे जमले. मुलं उभी, पाहुणे खुर्च्यांवर. मुलीला तिच्या भावानं मोटारसायकलवर आणलं होतं, प्लास्टरचा पाय एका स्टुलावर. संचालकांनी बोलायला सुरुवात केली, शिस्तीचं महत्त्व वगैरे. साहेब मधूनच चालत मुलीजवळ गेले, तिच्या मांडीवरची पळस चौकीची वही मागून घेतली आणि मोठ्यानं वाचली.

"'पाणी गुडघ्याच्या वर, थांबू का?' आकडा बेचाळीस. हे हिनं इचारलं. 'थांबू नका, पार करा.' आकडा पन्नास. हा हुकूम माहा. बाकीच्या वह्यांत आज, उद्या, कवाबी दुसरं काही दिसलं, तरी हुकूम माहाच हाये. पानी मले दिसत नव्हतं. तिले दिसत होतं. म्या तिचं आयकलं नाही."

मुलीचे वडील हळूच उठले. साधा, वाळलेला माणूस.

"मंग तुमी काऊन नाही उतरले पान्यात?"

"चुकलं जी."

"चुकलं म्हनून पाय जुडते काय?"

"नाही जुडत."

वडील खुर्चीत बसत म्हणाले, "निदान कबूल तरी केलं." मुलीनं वही परत मागितली आणि त्या ओळीखाली तारीख टाकून लिहिलं, 'साहेबांनी सर्वांसमोर वाचले.' आणि अक्षरं मोजू लागली. शेजारच्या तिन्ही चौकीप्रमुखांनी आपापल्या वह्या उघडल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांना अकादमीतून जावं लागलं. संचालकांनी मला मात्र ठेवलं, कारण गणिताला दुसरं कुणी मिळत नव्हतं. मुलीची त्या वर्षीची भरती गेली ती गेलीच. प्लास्टर निघाल्यावर ती सरळ साहेबांच्या घरी आली आणि म्हणाली, "तुमी मोडला, तुमीच पळवा." मग पुढचं वर्षभर गावाबाहेरच्या खळ्याच्या मोकळ्या जागेत ते घड्याळ घेऊन उभे आणि ती धावते आहे, असा देखावा रोज सकाळी असे. ती पोलिसात लागली. साहेबांची फार इच्छा होती की बिनतारी विभागात जावं. ती आता गोंदियात चौकात रहदारी सांभाळते. रिक्षावाले तिला टरकून असतात. एकदा एक जण हिंदीत अरेरावी करत होता, साहब ने बोला इधर लगाने को. तिनं विचारलं, "कौन से साहब ने?" मी फुटपाथवरून ऐकलं आणि हसत सुटले.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, मोहफुलांच्या दिवसांतलं. एका सकाळी साहेब म्हणाले, "मॅडम, सुट्टी हाये ना आज? माह्यासंगं चिचगडले चला." कशाला ते सांगितलं नाही. बसमध्ये खिडकीशी बसून देवरी येईपर्यंत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. देवरीला बस बदलताना म्हणाले, "तो दोस्त तिथंच हाये. निवृत्त झाला तवापासून. मले पहिल्यापासून माहीत होतं."

सौंदडहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढंच ते अंतर. इतकी वर्षं त्यांनी ते कापलं नव्हतं.

चिचगडच्या टोकाला घर होतं. अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली, त्या गोड आंबूस वासानं डोकं जड होत होतं. एक उंच म्हातारा हातात काठी घेऊन शेळ्या हाकलत होता. त्यानं साहेबांकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "तू हायेस काय बे?"

बाज टाकली, पाणी आलं. साहेब बसले नाहीत. बसमध्ये त्यांनी पाठ केलं असणार, कारण एका दमात, सैन्यात अहवाल देतात तसं त्यांनी सांगून टाकलं. हुकूम आला तो 'पुढे काढा' असाच होता. पान मी फाडलं. चौकशीत मी खोटं बोललो.

दोस्त बाजेच्या कडेला टेकला. काठी दोन्ही हातांत धरून बसून राहिला.

"म्हनजे म्या बरोबर आयकलं होतं?"

"बरोबर आयकलं होतं."

"पुढे काढा म्हटलं होतं."

"हो."

एक शेळी मोहफुलांत तोंड घालत होती. कुणी तिला हाकललं नाही.

"मी मंग गाडी नाही चालवली कवाच," तो म्हणाला. "घरी आल्यावर लोक म्हनत, ट्रक घे, ट्रॅक्टर घे. मले भेव वाटे. मागून कोनी थांब म्हटलं आनि म्या चल आयकलं तर? मानूस मरते ना बे." त्यानं उजव्या कानाला हात लावला, जणू तो आत्ताच परत मिळाला होता. "कान खराब हाये, असंच समजून जगलो म्या."

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. मी शेळीकडे बघत बसले.

तेवढ्यात दोस्तानं आत तोंड करून हाक मारली, "आयकून रायली काय वो? ये बाहीर. हा म्हनते माहा कान बरोबर होता. पहिल्यापासून!"

त्याची बायको पदराला हात पुसत दारात आली. तिनं साहेबांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. सगळं पुन्हा सांगायला लावलं. ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"अस्सं! म्हनजे हे चाळीस वर्सं मी इहिरीवरून पानी आना म्हटलं, लाकडं फोडा म्हटलं, तवा 'मले आयकू नाही येत, फौजेत कान गेला' म्हनून रायले होते, ते सारं आयकू येत होतं?"

दोस्ताचं तोंड उघडं राहिलं. मग तो साहेबांकडे वळून कळवळून म्हणाला, "पान फाडलं ते फाडलं, गड्या. पन आता हे हिच्यासमोर कायले सांगतलं बे!"

मला हसू आवरेना. त्याची बायको हसत नव्हती. तिनं ओसरीवरच्या दोन रिकाम्या बादल्यांकडे बोट दाखवलं. दोस्त मुकाट्यानं उठला, एक बादली उचलली आणि हातपंपाच्या वाटेला लागला. साहेबांनी बाहीनं डोळे पुसले, दुसरी बादली उचलली आणि त्याच्या मागून चालू लागले.